कुलंटने हात फुटतात? मलमाआधी टाकी बघा

सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर) नवा पोरगा आला की थोड्याच दिवसांत बोटांच्या बेचक्यात लाली, मग खाज, मग भेगा. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कुलंट सूट होत नाही, सर." कुलंट म्हणजे धातू कापताना टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) थंड ठेवणारं द्रव. सूट होत नसेलही. पण ते टाकीत कुणी आणि कसं ओतलं, हे कुणी बघत नाही.

अंदाजाने तेल (ड्रममधलं घट्ट कुलंट) ओतणं ही सगळ्यांत मोठी चूक. पाण्यात मिसळायचं कुलंट साध्या मशिनिंगला साधारण 5 ते 8 टक्के पुरतं. नेमका आकडा डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर असतो. त्याचा पीएच 9 च्या आसपास, शिवाय तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारी द्रव्यं त्यात असतात. ती कातडीवरचा तेलकटपणाही धुऊन नेतात. प्रमाण वाढलं की हात सोलणारच.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये एका लाइनवरच्या सगळ्यांचे हात फुटलेले आणि शेजारची लाइन ठणठणीत. मालक म्हणे, ड्रम खराब आला. अहो, दोन्ही लाइनला ड्रम एकच! रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून कुलंटचं प्रमाण मोजायचं यंत्र) होता, पण स्टोअरच्या कपाटात, पॅकिंगसकट. थेंब टाकला तर रीडिंग 14. डेटाशीटवरचा फॅक्टर (रीडिंगला गुणायचा आकडा) 1.2, म्हणजे जवळजवळ 17 टक्के. जॉबला गंज चढतो म्हणून रात्रपाळीचा सेटर (मशीन लावून देणारा) मगाने तेल थेट टाकीत ओतत होता आणि दिवसपाळीला पत्ताच नाही. त्यात उन्हाळा, पाणी उडून जातं, तेल मागे राहतं. गंजाचं मूळ बोअरच्या क्षारवाल्या पाण्यात होतं, पण ते शोधायला वेळ लागतो. तेलाचा मग ओतायला मात्र दोन सेकंद.

माझी सवय सांगतो. पहिल्या जॉबआधी रिफ्रॅक्टोमीटरची काच साध्या पाण्याने शून्यावर आणायची, कुलंटचा थेंब टाकायचा, आकडा खडूने मशीनच्या दारावर लिहायचा. टॉप-अप पातळ मिश्रणाचाच. बादलीत आधी पाणी, मग तेल. उलटं केलं तर नीट मिसळत नाही.

पातळ ठेवूनही भागत नाही. जंतू वाढतात, सोमवारी सकाळी टाकी घाण मारते, की कुणीतरी बायोसाइडची (जंतू मारणाऱ्या रसायनाची) बाटली उपडी करतो. बरीच बायोसाइड्स फॉर्मल्डिहाइड सोडतात, काहींत आयसोथायाझोलिनोन असतं. दोन्हींची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की पुढे चिमूटभरही पुरतं.

पाळी सुटताना थिनर किंवा रॉकेलने हात धुणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय. साबण ठेवा, इतकंच. चिप्स (धातूचा कीस) अडकलेल्या वेस्टने, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंत्याने, हात पुसू नका, बारीक ओरखड्यांतून सगळं आत जातं. फिरत्या स्पिंडलजवळ ग्लोव्हज नकोतच, बोट ओढलं जाईल. मशीन थांबल्यावर जॉब काढताना नायट्राइलचे (रबरी) ग्लोव्हज घाला. कापडी ग्लोव्हज कुलंट पिऊन हाताला चिकटवून ठेवतात. तेलकट फडकं खिशात ठेवल्याने मांडीवर पुटकुळ्या येतात. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत जुन्या कच्च्या मशीन ऑइलने भिजलेल्या कपड्यांमुळे कामगारांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर झाला होता. आजची तेलं जास्त शुद्ध केलेली असतात, तरी फडक्याची जागा खिशात नाही.

मेडिकलवाल्याने दिलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब बघितली की माझं डोकं फिरतं. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली बसते, पोरगा खूश. खाली नायटा असला तर तो पसरतो आणि कातडी पातळ होते ती वेगळीच.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना कुलंटची आणि बायोसाइडची सेफ्टी डेटाशीट न्या. गणपतीच्या सुट्टीत गावी गेल्यावर खाज कमी झाली होती का, हेही सांगा. जुना त्रास बसायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून कुलंट निर्दोष ठरत नाही. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे कशाची अॅलर्जी आहे ते शोधायच्या चाचणीत, पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, पुन्हा दोनेक दिवसांनी बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. आणि ड्रममधलं तेल दंडाला चोळून घरच्या घरी टेस्ट करू नका, नुसत्या तेलाने कुणाचीही कातडी भाजेल.