बांधाच्या वर पाणी कुठपर्यंत फुगते? फुगवट्याचा हिशोब घरी कसा करायचा

नाल्यावर सिमेंट बांध घालायचा म्हटलं की गावात पहिला प्रश्न हाच निघते, पाणी कोणाच्या वावरापर्यंत चढेल? आणि उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळते, कारण बांधापाशी चढलेलं पाणी वरपर्यंत सपाट धरतात, तळाच्या ढाळाने भागतात आणि मोकळे होतात. आमच्या नाल्यावर तेच झालं. एका रात्रीचा पूर आला आणि वरच्या भाऊच्या धुऱ्यावरून पाणी पऱ्हाटीत शिरलं, काळी माती, एकदा पाणी मुरलं की आठवडा आठवडा पाय ठेवता येत नाही, सगळं झाड पिवळं पडलं. कागदावर मात्र त्याचं वावर फुगवट्याच्या बाहेर होतं.

पाणी वाहत असते तेव्हा त्याचा पृष्ठभाग सपाट नसते भाऊ, वर जाता जाता तो हळूहळू मूळ खोलीला टेकते. हे टेकणं किती लांब चालते तेच काढायचं आहे.

आमचेच आकडे घेतो. नाला ८ मीटर रुंद, काठ जवळपास उभे म्हणून आयताकृती धरला, तळाचा ढाळ ५०० ला १ म्हणजे ०.००२ (डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावूनच काढा, नजरेने नका), पूर २० घनमीटर प्रति सेकंद, आणि मॅनिंगचा एन, म्हणजे नाला किती खडबडीत त्याचा आकडा, ०.०३५: थोडं गवत, थोडे दगड.

आधी नॉर्मल खोली, म्हणजे बांध नसता तर पाणी किती खोल चाललं असतं. मॅनिंगचं सूत्र असं: प्रवाह = क्षेत्रफळ × हायड्रॉलिक त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात × ढाळाचं वर्गमूळ ÷ एन. हायड्रॉलिक त्रिज्या म्हणजे पाण्याचं क्षेत्रफळ भागिले तळ आणि दोन्ही काठांची भिजलेली लांबी. खोली धरून पाहायची, जुळेपर्यंत बदलायची. आमची १.७३ मीटर आली. मग क्रिटिकल खोली, म्हणजे जिच्याखाली प्रवाह संथ न राहता वेगवान होते ती: रुंदीच्या मीटरमागे प्रवाह २.५, त्याचा वर्ग भागिले ९.८१, त्याचं घनमूळ, ०.८६. नॉर्मल खोली क्रिटिकलपेक्षा जास्त आहे, म्हणजे प्रवाह संथ, म्हणून हिशोब बांधापासून सुरू करून वर वर जायचं. हे उलटं केलं तर सगळंच चुकते.

बांधापाशी खोली किती? बांध १.५ मीटर उंच, माथा रुंद, त्यावरून प्रवाह = १.७ × माथ्याची लांबी × हेडचा दीडवा घात (हेड म्हणजे माथ्याच्या वरची पाण्याची ऊर्जा, मीटरमध्ये). हेड आलं १.२९, म्हणजे एकूण ऊर्जा २.७९, त्यातून वेगाचे ४ सेंटीमीटर (वेगाचा वर्ग ÷ १९.६२) वजा केले की खोली २.७५.

आता खरं काम. एक्सेलमध्ये खोल्या लिहा: २.७५, २.५०, २.२५, २.००, १.८५, १.७६. प्रत्येकीसाठी वेग काढा, मग ऊर्जा (खोली + वेगाचा वर्ग ÷ १९.६२), मग घर्षणाचा ढाळ (एन × वेग, त्याचा वर्ग, भागिले त्रिज्येचा चार-तृतीयांश घात). दोन शेजारच्या खोल्यांमधलं अंतर = ऊर्जेतला फरक ÷ (तळाचा ढाळ − दोन्ही घर्षण ढाळांची सरासरी). बस, एवढंच.

पहिला टप्पा करून दाखवतो. २.७५ ला ऊर्जा २.७९२ आणि घर्षण ढाळ ०.०००५२८, २.५० ला २.५५१ आणि ०.०००६९०. ऊर्जेतला फरक ०.२४१, सरासरी ढाळ ०.०००६०९, तर ०.२४१ ÷ ०.००१३९१ म्हणजे १७३ मीटर. पुढचे टप्पे असेच २००, २६४, २५८ आणि ३३९ आले. बेरीज १२३४ मीटर, आणि तिथंही पाणी नॉर्मलपेक्षा ३ सेंटीमीटर वर आहेच. शेवटी शेवटी टप्पे लांबत जातात, कारण भागाकारातला खालचा आकडा शून्याकडे जाते, म्हणून नेमकी नॉर्मल खोली कधी टाकू नका, एखाद-दोन टक्के वर थांबा.

सपाट धरलं असतं तर? २.७५ वजा १.७३, भागिले ०.००२, फक्त ५१० मीटर. निम्म्याहूनही कमी!

एनकडे मात्र नीट लक्ष द्या. नाल्यात बेशरम माजली की एन सहज ०.०५ होते, आणि मग बांध नसतानाच नॉर्मल खोली २.२ मीटरवर जाते. म्हणून उन्हाळ्यात मोकळा नाला पाहून एन ठरवू नका, भादव्यात जाऊन पाहा. नाल्याची रुंदी जागोजागी बदलत असेल तर हा हाताचा हिशोब पुरत नाही, तिथं क्रॉस-सेक्शन, म्हणजे नाल्याचे आडवे छेद, घेऊन हेक-रास (HEC-RAS) हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम चालवा, फुकट मिळते.

आणि हिशोब झाला की नाल्याने चालत जा, पुराच्या खुणा शोधा. त्या भाऊचं वावर बांधापासून ६४० मीटरवर, तिथं काठ १.९ मीटर उंच, आणि हिशोबाने पाणी २ मीटर. धुऱ्यावरच्या बाभळीला तुराट्या आणि कचरा अडकून वाळलेला होता, टेप लावली तर काठापासून चार बोटं वर.