टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी लॅब चालेना

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब होती. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड करून मी नुकताच नेटवर्किंगच्या कामाला लागलो होतो. उस्तादांनी एका भिंतीच्या आठ केबली माझ्यावर सोपवल्या. केसिंग ठोकलं, केबली ओढल्या, दोन्ही टोकांना आरजे-४५ जॅक (आठ पिनांचे) दाबून बसवले, म्हणजे क्रिम्प केले. टेस्टर लावला तर एक ते आठ दिवे ओळीने लागले. संध्याकाळी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी स्विचजवळची (सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात त्या डब्याजवळची) मशीन चालत होती, पण लांबच्या कोपऱ्यातली अडायला लागली. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघायचा छोटा संदेश) जायचं, पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की तिथेच रुतून बसायची. मी विंडोज तपासलं, आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) तपासला, मशीन बदलून पाहिलं. दुपारी उस्ताद आले. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. जॅक काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "जोडी फोडलीस की रे लेकरा. तीन आन् सहा एकाच जोडीतले पाहिजेत."

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या. मी रंग दिसायला नीट लावले होते: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम सारखाच, म्हणून टेस्टर खूश. पण टेस्टर एकेका तारेतून नुसता करंट सोडून बघतो. कुठली तार कुणाशी पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. आणि केबलमधलं सगळं काम तो पीळच करतो. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल जातो, दुसरीवर त्याचाच उलटा. पलीकडचं कार्ड दोन्हींतला फरक वाचतं. बाहेरून ट्यूबलाइटचा, मोटारीचा त्रास आला तर तो पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि फरक काढताना गळून जातो. १०० एमबीपीएसच्या नेटवर्कमध्ये एक जोडी १-२ या पिनांवर चालते आणि दुसरी ३-६ वर. माझ्या क्रमात ३ एका जोडीतली होती आणि ६ भलत्याच जोडीतली. पीळ असून नसल्यासारखा. जवळ होतं तिथे निभावलं, लांब गेल्यावर सिग्नल शेजारच्या तारांत गळायला लागला.

म्हणून बरोबर क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधली निळी जोडी हिरवीच्या पोटात बसते, ती का, हे आता तुम्हाला सांगता येईल. जॅकमध्ये घालताना पीळ लागतो तेवढाच सोडा. दोन-दोन इंच उकललेल्या तारा मी आजही नव्या पोरांच्या हातात बघतो आणि जीव हळहळतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी भिंतीत घालू नका.

परीक्षेत आपल्याला बस, रिंग, स्टार, मेश या नेटवर्कच्या मांडण्यांच्या आकृत्या काढायला लावतात. आकृत्या सोप्या आहेत. पण तार कशी टाकली आहे आणि सिग्नल कसा फिरतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मला हे कळायला दोन वर्षं गेली.

इथरनेटची, म्हणजे मशीन तारेने जोडायच्या या पद्धतीची, कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली. एकच जाड केबल, सगळी मशीन तिलाच जोडलेली, हीच बस. नियम चावडीवरच्या बोलण्यासारखा: आधी ऐका, कुणी बोलत नसेल तर बोला, दोघे एकदम बोललात तर दोघेही थांबा आणि कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा सुरू करा. पुढे पातळ केबल आली, ती एका तुकड्यात १८५ मीटरपर्यंत चालायची. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर लावावाच लागे. कासरा खुंट्याला बांधून झटका दिला की लाट खुंट्यापर्यंत जाऊन परत येते ना, तसाच सिग्नल उघड्या टोकावरून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलवर आदळतो. टर्मिनेटर ती लाट पिऊन टाकतो.

रिंगचं मला सप्ताहावरून समजलं. अखंड हरिनामात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आयबीएमच्या टोकन रिंगमध्ये टोकन असंच फिरायचं, आणि ज्याच्याकडे टोकन तोच बोलणार. टोकन हरवलं तर एक मशीन नवं टोकन तयार करायचं. गंमत अशी की तिथेही तारा बहुधा मधल्या एका डब्याकडेच जायच्या. बाहेरून स्टार, आतून रिंग.

हबचंही तसंच. १९९० साली पिळलेल्या तारांवरच्या इथरनेटचं प्रमाण आलं आणि सगळीकडे स्टार दिसायला लागला. पण हब म्हणजे गावातली दवंडी. एका पोर्टवर आलेला सिग्नल तो बाकी सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा सोडतो, म्हणजे आकृतीत स्टार आणि वागण्यात तीच जुनी बस. स्विच मात्र पोस्टमनसारखा. येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा (डेटाच्या पाकिटावरचा) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, बघून कोण कुठल्या पोर्टवर राहतो ते तो लिहून ठेवतो, आणि पुढचं पत्र त्याच दारात टाकतो. पत्ता माहीत नसेल, किंवा पत्र सगळ्यांसाठीच असेल, तेव्हाच सगळ्या दारांत.

हे "सगळ्यांसाठी" प्रकरण एकदा लातूरला एका क्लासच्या ऑफिसात भोवलं. झाडताना टेबलाखाली केबलचं मोकळं टोक दिसलं म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने ते स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची, फ्रेम एका पोर्टातून बाहेर आणि दुसऱ्यातून पुन्हा आत. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ती फिरतच राहते आणि दर फेरीत सगळ्यांना मिळते. पूर्ण ऑफिस ठप्प. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात फडफडताना दिसले की आधी लूप शोधा: अर्ध्या केबली काढा, शांत झालं का बघा, मग उरलेल्यांतल्या अर्ध्या. या दुखण्यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला. जास्तीची वाट स्विच स्वतःच बंद ठेवतो. पण दुकानात मिळणाऱ्या साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचमध्ये हे बहुतेक वेळा नसतं.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी कुठल्याच सिलॅबसमध्ये मला सापडली नाही. वळवाच्या दिवसांत इकडे विजा फार. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टांगलेली असेल, तर वीज थेट पडायची गरज नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत झटका उठतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. त्यात दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं. एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर फायबरच टाका. काचेतून करंट जात नाही. शिवाय तांब्याची १०० मीटरची मर्यादाही तिथे आड येत नाही.

अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात उघडून बघा. काळी माती भेगाळून पट्टीपासून सुटलेली असते, ओल नसते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा खड्ड्यात पाणी ओता असं कुणाला सांगायला तोंड होत नव्हतं. मग आम्ही एका ठिकाणी आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी नळीने खड्ड्यात सोडलं. मी अजूनही गिऱ्हाइकाला तेच सुचवतो.

शिकायला खर्च फार नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क मांडून बघायचं सॉफ्टवेअर) खातं उघडून मोफत मिळतं, त्यात लूप करून बघा. भंगारात जुना हब दिसला तर सोडू नका. हबवर वायरशार्क (तारेवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं की शेजारच्या दोन मशीनचं बोलणं आपल्याला दिसतं, तेच स्विचवर लावलं की दिसेनासं होतं. पिंग लागत नसेल तर केबलला दोष देण्याआधी विंडोजचा फायरवॉल बघा, तो अनेकदा पिंग अडवतो.

आणि एक लांब केबल घ्या. तिला मी केली तशी चूक मुद्दाम करून जॅक लावा, मोठी फाईल पाठवा, वेळ लिहून ठेवा. मग जॅक कापून, बरोबर क्रमाने नवे लावून तीच फाईल पुन्हा पाठवा.