एसईसी भारी की बिग टेन? वहीत मांडून बघा

रत्नागिरीत मी कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. अमेरिकेच्या पूर्वेकडचे संध्याकाळी सातचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात, नेमके आमच्या सरावाच्या वेळी. वॉर्म-अप संपेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर स्कोअर बघितलेला असतो आणि वाद पेटलेला असतो: महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये कुठली कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेज संघांचा कुठला गट भारी? एसईसी आणि बिग टेन हे त्यातले दोन मोठे गट. हा वाद वहीत सोडवायची रीत मी त्यांना घालून दिली आहे. तीच इथे सांगते.

आधी कॉन्फरन्समधले आपापसातले सामने बाजूला काढा. तिथे एक संघ जिंकला की दुसरा हरतोच. कॉन्फरन्स बलाढ्य असो की दुबळी, त्या सामन्यांतले एकूण विजय आणि एकूण पराभव सारखेच भरणार. आमच्या कोकण झोनमध्ये सगळे सामने मारलेला संघ मुंबईच्या संघांसमोर उतरला की मगच कळतं कोण किती पाण्यात आहे. तिकडेही तसंच आहे. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी झालेले सामने उतरवून घ्या. जानेवारीपासून जवळजवळ सगळा खेळ घरातल्या घरातच चालतो.

प्रत्येक सामन्यापुढे दोन गोष्टी लिहा: समोरच्या संघाचा नेट क्रमांक आणि सामना कुठे झाला ते. नेट ही एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेची क्रमवारी, महिलांसाठी २०२०-२१ च्या हंगामापासून आली. पहिल्या प्रतीचा विजय कशाला म्हणायचं, याचे निकष मुली तोंडपाठ म्हणतात: स्वतःच्या कोर्टवर खेळलात तर समोरचा संघ पहिल्या २५ मधला हवा, तटस्थ कोर्टवर पहिल्या ३५ मधला, त्यांच्या घरी जाऊन खेळलात तर पहिल्या ४५ मधला. म्हणजे चाळिसाव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर त्याचं वजन कमी, त्यांच्या गावी जाऊन हरवलं तर जास्त. हे मला अगदी पटतं. परक्या कोर्टवर प्रेक्षक अंगावर येतात तेव्हा फ्री थ्रोला हात कसे जड होतात, हे खेळलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. मोठ्या कॉन्फरन्सचे संघ डिसेंबरमध्ये दुबळ्यांना घरी बोलावून चाळीस-पन्नास गुणांनी हरवतात. असे विजय सरळ खोडा.

आता खरं काम. विजेत्यावर नजर खिळू देऊ नका. २०२५ ला यूकॉनने (कनेटिकट विद्यापीठाने) साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि यूकॉन बिग ईस्ट या कॉन्फरन्समधलं. पण त्या वर्षी मार्चमधल्या ६८ संघांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत बिग ईस्टचे संघ होते दोनच. त्याआधी यूकॉन २०१३ ते २०२० अमेरिकन कॉन्फरन्समध्ये होतं आणि तिथल्या संघांशी एकही सामना हरलं नाही. त्यातून यूकॉनची ताकद दिसली, कॉन्फरन्सची नव्हे.

म्हणून सगळ्या संघांचे नेट क्रमांक चढत्या क्रमाने लावा आणि मधला बघा. एसईसीत १६ संघ, तेव्हा आठव्या आणि नवव्याची सरासरी. बिग टेनमध्ये १८, तिथे नववा आणि दहावा. अख्ख्या कॉन्फरन्सची सरासरी काढू नका. तळाचा एक संघ दोनशेच्या पुढे असला की तो सगळ्यांना खाली ओढतो.

मार्चची स्पर्धा शेवटी बघा. २०२५ ला बिग टेनचे १२ संघ आत आले, एसईसीचे १०. पण शेवटच्या आठांत एसईसीचे तीन राहिले, साउथ कॅरोलायना, टेक्सस आणि एलएसयू, तर बिग टेनचे दोन, यूसीएलए आणि यूएससी. माझ्या मते त्या वर्षी शिखर एसईसीचं उंच होतं आणि खोली, म्हणजे चांगल्या संघांची संख्या, बिग टेनची जास्त. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. बाद फेरीत मात्र एका वाईट रात्रीत सगळं संपतं, म्हणून मी डिसेंबरच्या पानाला जास्त मानते.

आणखी एक. २०२४ ला यूसीएलए आणि यूएससी बिग टेनमध्ये गेले, टेक्सस एसईसीत, स्टॅनफर्ड एसीसी या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. त्यामुळे "बिग टेन सुधारली" म्हणण्याआधी जुने किती आणि नवे किती ते मोजा, आणि दर वर्षी संघांची यादी नव्याने लिहून घ्या.