इंदुरात कल्ट सिनेमाचा खेळ लावायचा तर

मंडळाची मीटिंग बसली की ‘एखादा जुना चांगला सिनेमा लावू’ असं ठरतं आणि तिथेच घोळ होतो. चांगला सिनेमा वेगळा, कल्ट सिनेमा, म्हणजे लोकांनी पाठ करून आपलासा केलेला, वेगळा. ‘श्यामची आई’ लोक आदरानं पाहतात, डोळे पुसतात, पण तिच्यातली वाक्यं कट्ट्यावर कोणी एकमेकांना मारत नाही. ‘झपाटलेला’ला (1993) असा मान कोणी देत नाही, पण रामदास पाध्यांचा तो बाहुला पडद्यावर आला की चाळिशीतले गृहस्थ मंत्र म्हणायला लागतात. कल्टचा खेळ लावायचा तो या दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकासाठी, आणि निवडीपासून स्पीकरपर्यंतची सगळी व्यवस्था त्याच्या बोलण्याला जागा ठेवून करायची.

सिनेमा कसा निवडावा

कल्टला बहुतेक वेळा दुसरा जन्म असतो. ‘जाने भी दो यारों’ (1983) एनएफडीसीच्या (सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या) तुटपुंज्या पैशांत झाला आणि टीव्ही-व्हिडिओनं घराघरांत पोचवला. ‘अंदाज अपना अपना’ 1994 मध्ये थेटरात फारसा चालला नाही. केबलवर पुन्हापुन्हा लागून तो लोकांच्या तोंडी बसला. ‘तुंबाड’ 2018 मध्ये बेताचा चालला, 2024 मध्ये परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. परदेशातलं ठळक उदाहरण ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’चं: 1975 मध्ये आपटला, 1976 पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थेटरात मध्यरात्रीचे खेळ लागले, आणि प्रेक्षक वेषभूषा करून, तांदूळ उधळत पाहू लागले.

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) या व्याख्येत नीट बसत नाही, कारण तो तेव्हाही जोरात चालला होता. पण त्याला वगळायचा शहाणपणा करू नये. हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (1966) घेतलेला हा सिनेमा आज मूळ सिनेमापेक्षा कितीतरी जास्त पाठ आहे, आणि पाठ असणं हाच आपला निकष.

तो तपासायला अर्ध्या वाक्याची चाचणी घ्या. वेगवेगळ्या वयाचे दहा जण गाठा, सिनेमातलं एक वाक्य अर्धंच बोला. चार ते सात जणांनी पुरं केलं तर सिनेमा नक्की करा: पाठवाले पुरेसे आणि नवखेही पुरेसे. दहाही जणांनी पुरं केलं तर ते पारायण होईल. वाईट नाही, पण नवीन माणूस उपरा पडतो. दोघांनाच आलं तर तो फिल्म सोसायटीचा सिनेमा. ‘ओम-दर-ब-दर’ 1988 चा आणि थेटरात आला 2014 मध्ये. भक्त कडवे आहेत, पण रामबागेतल्या रविवारच्या गर्दीपुढे पहिल्याच खेळाला तो लावू नये.

इंदुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. म्हणून वर्षाच्या चार खेळांत एक हिंदी ठेवावा. ‘अंदाज अपना अपना’ला तर इथे घरचं पाठबळ आहे, त्यातल्या प्रेमचा, म्हणजे सलमान खानचा, जन्मच इंदूरचा.

परवानगी

‘तिकीट नाही, मग परवानगी कशाला?’ हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाला फुकट प्रेक्षकांसमोर नाटक किंवा संगीत सादर करायची सवलत आहे. सिनेमा त्या सवलतीत येत नाही. ओटीटीचं खातंही वैयक्तिक वापरापुरतंच असतं. सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे वरच्या कल्ट सिनेमांतला एकही मोकळा नाही. महिनाभर आधी हक्कधारकाला मेल करा: तारीख, जागा, खुर्च्या किती, खेळ फुकट की वर्गणीचा. होकार लेखी घ्या. निर्मात्यानं हक्क विकलेले असू शकतात, म्हणून ‘हे हक्क सध्या आपल्याकडेच आहेत का’ हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

गच्चीवर खेळ लावायचा असेल तर रात्री दहाला भोंगा बंद, नियमच तसा आहे. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, तरी शेजारी झोपतातच. साडेसहाला सुरू केलेलं बरं.

पडदा आणि खुर्च्या

120 इंची (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं) 16:9 पडदा 2.66 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर तो पडद्यापासून चार मीटरवर बसतो. पहिली रांग पडद्यापासून तीन मीटरवर, शेवटची नऊ मीटरवर. त्यापलीकडे खुर्च्या मांडू नका. एवढ्यात दहा-दहाच्या सहा-सात रांगा बसतात. काळोख्या हॉलला 3000 एएनएसआय ल्यूमेन (प्रमाणित पद्धतीनं मोजलेला उजेड) पुरतात. खोक्यावर नुसतंच ‘ल्यूमेन’ लिहिलेल्या स्वस्त प्रोजेक्टरवर भरवसा ठेवू नका, चित्र दुधट दिसतं.

जुन्या मराठी सिनेमांच्या प्रती हा खरा त्रास. व्हीसीडीवरून आलेली फाइल 352 बाय 288 पिक्सेलची असते. 120 इंचावर तिचे चौकोन मोजता येतात. अशा वेळी चित्र 80 इंचावर आणा आणि शेवटची रांग सहा मीटरवर ओढा. चित्र 4:3 चं असेल तर ते ताणून पडदा भरू नका, लक्ष्या जाडा दिसतो. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

प्रोजेक्टर यूपीएसवर लावा. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा बिघडतो. 1000 व्हीएचा यूपीएस पाच-सात मिनिटं तरी देतो, तेवढ्यात नीट बंद करता येतो.

आवाज

खेळ फसतो तो बहुधा इथे. मंडळांच्या हॉलना कोटा फरशी आणि गुळगुळीत भिंती असतात, संवाद घुमतात. मागच्या भिंतीवर दोन-तीन सतरंज्या टांगा, फरक लगेच कळतो. स्पीकर दोन, पडद्याच्या दोन बाजूंना, स्टँडवर सहा फूट उंच. मिक्सरवर 100 हर्ट्झच्या खालचं कापा, 2 ते 4 किलोहर्ट्झ किंचित वाढवा; शब्द सुटे ऐकू येतात. ब्लूटूथ नको, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. नाइलाज असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जे’ दाबत आवाज पुढे आणा. लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण आली तर चार्जर काढून बघा, किंवा सगळं एकाच बोर्डावरून घ्या.

एक माणूस फक्त व्हॉल्यूमपाशी बसवा, सिनेमा पाठ असलेला. ‘बनवाबनवी’तल्या ‘सत्तर रुपये वारले’ला हशा उठला की पुढची दोन वाक्यं त्यात बुडतात. त्यानं हशा चढताना आवाज थोडा वाढवायचा, ओसरताना खाली आणायचा. सिनेमा थांबवायचा नाही, थांबवला की लय मोडते.

सबटायटल

नातवंडांसाठी हिंदी सबटायटल करायचे तर ओळ चाळीस अक्षरांच्या आत, एका वेळी दोनच ओळी, किमान दीड सेकंद. फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. विनोदाची कळ ज्या शब्दात आहे तो शब्द वेगळ्या सबटायटलमध्ये तोडा. सबंध वाक्य एकदम दिसलं तर वाचणारे अशोक सराफांच्या आधी हसतात आणि ऐकणारे वैतागतात. वेळ चुकत असेल तर व्हीएलसीत ‘जी’नं अलीकडे, ‘एच’नं पलीकडे सरकवता येते.

खेळाच्या दिवशी

पाठवाल्यांना मागच्या रांगांत बसवा, नवख्यांना पुढे. मागून आलेला हशा पुढे पसरतो, पुढच्या रांगेतून मागे वळून बोललेलं डोक्यात जातं. सुरुवातीला एकच नियम सांगा: वाक्य नटाबरोबर म्हणा, नटाच्या आधी नाही. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन आणि दोन शब्द टाळता आले तर टाळाच.

मध्यंतर सिनेमात जिथे आहे तिथेच घ्या, पंधरा मिनिटांचं. शेव कागदी द्रोणांतून द्या, प्लास्टिकच्या पुड्या पूर्ण उत्तरार्धभर कुरकुरतात. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन पेट्या दाराशी हव्यातच, हे इंदूरकराला वेगळं सांगायला नको. संपल्यावर चर्चासत्र ठेवू नका. लोकांना बोलायचं असतं ते उभ्यानं, चपला घालताना, आणि साडेनऊला हॉल मोकळा झाला तर पुढचं बोलणं सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याच्या किसावर होतं. तोवर प्रोजेक्टरचा पंखा थांबला की नाही ते बघून मगच वायर काढा.