विंडोजवरून मॅकवर जाताय? आधी वेव्ह काढा

मंडळांची गाणी बनवायला विंडोज पीसीऐवजी मॅक घ्यायचाच असेल तर गणपती आणि नवरात्राची कामं उरकल्यावर घ्या. जूनपासून पुढे मशीनला हात लावायचा नाही. ठाण्यातल्या मंडळांची गाणी आगमनाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलतात. अध्यक्षांचं नाव वाढतं, कोणाचं तरी गळतं. तेव्हा ‘नवीन मशीन अजून लागलं नाही’ हे कोणी ऐकून घेत नाही.

बॅकअप घ्या, हे सांगायला नको. डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालणारी पद्धत) फॉरमॅट करा. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. प्रत्येक गाण्यातल्या प्रत्येक ट्रॅकची, म्हणजे एकेका वाद्याची आणि आवाजाची, वेव्ह (साधी ऑडिओ फाइल) काढा. प्रोजेक्ट कॉपी केला म्हणजे गाणं आलं, असं नसतं. एफएल स्टुडिओ, क्युबेस, एबलटन लाइव्ह ही गाणी बनवायची सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतात, प्रोजेक्टही उघडतो. आत प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट, मात्र गायब. विंडोजची डीएलएल (प्लगइनची फाइल) मॅकवर चालत नाही, त्या प्लगइनची मॅकसाठी वेगळी आवृत्ती लागते. कधीकाळी फुकट उतरवलेला तो ३२ बिटचा तानपुरा, ती आवडती तुतारी, यांची मॅकची आवृत्ती कोण काढतंय? ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर तर मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासूनच बंद केलीत. अॅपलच्या लॉजिक सॉफ्टवेअरमध्ये जाणार असाल तर तिथे व्हीएसटी जातीचे प्लगइन चालतच नाहीत, फक्त ऑडिओ युनिट जातीचे. मागच्या वेळी माझं घोडं इथेच अडलं. बॅकअपचाही बॅकअप होता, वेव्ह नव्हत्या, आणि पीसी विकून बसलो होतो. मंडळाची मागणी काय, तर गेल्या वर्षीचंच गाणं, ‘फक्त ताशा जरा खाली घ्या’.

तर वेव्ह. सगळ्या शून्यापासून सुरू झाल्या पाहिजेत. शहनाई दुसऱ्या अंतऱ्यात येत असली तरी तिची फाइल पहिल्या बारपासूनच. २४ बिट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा असेल तोच. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाज दाबणारा इफेक्ट) बंद. एक संच इफेक्टसकट, एक कोरा. रिव्हर्ब-डिलेचे (घुमारा, प्रतिध्वनी) सेंड वेगळ्या फाइलमध्ये. जागेचं कारण सांगू नका: ४८ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खाते, म्हणजे पाच मिनिटांच्या ४० ट्रॅकच्या गाण्याचा एक संच पावणेदोन जीबीच्या आत. सोबत मिडी फाइल (कोणता स्वर कधी वाजला याची नोंद), आणि एका टेक्स्ट फाइलमध्ये टेम्पो, ताल, पट्टी. काळी दोन की काळी तीन हे वर्षभराने आठवत नाही, आणि गायिका आधी तेच विचारते. झाल्यावर एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या वेव्ह टाकून शेवटपर्यंत ऐका. हो, शेवटपर्यंत. एखादा ट्रॅक म्यूट राहिलेला असतोच.

प्रोजेक्टही न्या, पण सॅम्पल (गाण्यात वापरलेल्या आवाजांच्या फाइल) गोळा करून. लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्युबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’, एफएलमध्ये ‘झिप्ड लूप पॅकेज’. नाहीतर मॅक डी ड्राइव्ह शोधत बसेल. वेव्ह काढल्या असतील तर हे जमलं नाही तरी अडत नाही. नसतील तर मागचा परिच्छेद परत वाचा.

लायसन्स जुन्या मशीनवरून डीअॅक्टिव्हेट करा. आयलॉकचा (प्लगइनचं लायसन्स ठेवणारा) डोंगल जुन्या चौकोनी यूएसबीचा असेल तर हब लागेल. वाशीला सत्रा प्लाझात मिळेल, फार स्वस्तातला घेऊ नका.

ऑडिओ इंटरफेस (माइक, स्पीकर जोडायचा डबा): मॅकवर असिओ, म्हणजे विंडोजवरचा ऑडिओ ड्रायव्हर, नाही, कोअर ऑडिओ आतच असतं. इंटरफेस फायरवायर या जुन्या जोडणीचा असेल तर नवीन मॅकला ते पोर्टच नाही. रॅम नंतर वाढत नाही, आत्ताच ठरवा. वाद्यांच्या आवाजांच्या लायब्रऱ्या बाहेरच्या एसएसडीवर.

एम सिरीजच्या (अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर इंटेल चिपच्या मॅकसाठीचे जुने प्लगइन रोझेटा या अॅपलच्या सोयीतून चालतात, पण बऱ्याच ठिकाणी आख्खं सॉफ्टवेअरच रोझेटात उघडावं लागतं. अॅपलने रोझेटाची मॅकओएस २७ पर्यंतचीच हमी दिलीय, तेव्हा त्यावर विसंबू नका. अशा ट्रॅकच्याही वेव्ह काढा.

इन्स्टॉलेशन रात्रभर चालतं. गायक घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आहे तोवर उरकू, असं होत नाही. कंट्रोलच्या जागी कमांड, सवय होते. बाकी सेटिंग बघून घ्या.

जुना पीसी पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत विकायचा नाही, एक्सचेंजमध्ये कितीही मिळू दे. मग फॉरमॅट करून द्या कोणालाही. मॉनिटर ठेवा, मॅक मिनीला तो चालतो.