स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेताय? आधी कागद-पेन घ्या

रेकॉर्ड प्लेयरसाठी मूव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि बारीक कॉइलचा पिकअप, घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच, त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा ट्रान्सफॉर्मर कितीचा घ्यायचा, 1:10 (म्हणजे दहापट), 1:20 की 1:30? आणि बरेच जण डोळे झाकून मोठा आकडा उचलतात, जास्त पट म्हणजे जास्त आवाज असं वाटतं म्हणून. तसं होत नाही, आणि का होत नाही ते शाळेतल्या गुणाकार-भागाकारात कळतं.

तीन आकडे हवेत. कार्ट्रिजचं आउटपुट, त्याच्या कॉइलचा इम्पिडन्स (ओहममधला विरोध), आणि फोनो स्टेजच्या, म्हणजे रेकॉर्डचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपच्या, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठीच्या) इनपुटचा लोड, म्हणजे कार्ट्रिजला समोर दिसणारा विरोध, जो बहुतेक सगळीकडे 47 किलोओहम असतो. हो, ट्रान्सफॉर्मर एमएम इनपुटलाच लावायचा, एमसीला नाही. आणि तुमचं कार्ट्रिज हाय-आउटपुट एमसी असेल, 2 मिलिव्होल्टच्या आसपासचं, तर ते सरळ एमएमला लावा, ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचले, रेकॉर्ड घ्या त्याच्या.

आता खरं उदाहरण घेऊ, डेनॉनचं डीएल-103. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी 1960च्या दशकात केलेलं कार्ट्रिज, अजून नवं मिळतं. आउटपुट 0.3 मिलिव्होल्ट, इम्पिडन्स 40 ओहम. ट्रान्सफॉर्मरची गंमत अशी की तो व्होल्टेज जितक्या पट वाढवतो, त्या आकड्याच्या वर्गाने लोड खाली आणतो. म्हणजे 1:10 लावला तर कार्ट्रिजला दिसणारा लोड 47,000 भागिले 100, झाले 470 ओहम. 1:20 लावला तर भागिले 400, म्हणजे साधारण 117. आणि 1:30 ला भागिले 900, फक्त 52. लोड जितका कमी, तितकं व्होल्टेज कार्ट्रिजच्या स्वतःच्या कॉइलमध्येच खर्च होतं, आणि हीच गोष्ट दुकानदार सांगत नाही.

हिशोब असा: लोडला लोड अधिक 40 ने भागा, मग आउटपुटने आणि रेशोने (10, 20 किंवा 30) गुणा. 1:10 ला फोनो स्टेजपर्यंत पोचतात सुमारे 2.8 मिलिव्होल्ट. 1:20 ला 4.5. आणि 1:30 ला? अपेक्षा 9 ची, मिळतात 5.1. म्हणजे 20 वरून 30 वर गेल्यावर हाती लागतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिव्होल्ट, आणि बदल्यात कार्ट्रिज 52 ओहमवर गुदमरतं, डेनॉन स्वतः किमान 100 ओहम सांगतं. हे कशाला करायचं?

माझं मत विचाराल तर या कार्ट्रिजला 1:10, फोनो स्टेजचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) 40 डेसिबलच्या वर असेल तर नक्कीच. गेन कमी असेल आणि व्हॉल्यूम फार वर न्यावा लागत असेल तर 1:20 चालेल, आवाज जरा जाड आणि बसका होतो, काहींना तेच आवडतं. फोनो स्टेजला साधारण 3 ते 6 मिलिव्होल्ट मिळाले की झालं, 10 च्या पुढे गेलात तर जोरदार भागात इनपुट ओव्हरलोड होऊ शकतं.

पण हेच उत्तर सगळ्या कार्ट्रिजना लावू नका. ऑर्टोफॉनचं एसपीयू क्लासिक घ्या, 0.2 मिलिव्होल्ट, 2 ओहम. इथे 1:10 ला जेमतेम 2 मिलिव्होल्ट मिळतात, रडतराऊत आवाज. 1:30 लावा, लोड 52 असला तरी कॉइल 2 ओहमचीच आहे, त्यामुळे काही वाया जात नाही, 5.8 मिलिव्होल्ट मिळतात. ट्रान्सफॉर्मर तोच, एका कार्ट्रिजला चुकीचा, दुसऱ्याला अगदी बरोबर.

जुन्या ट्रान्सफॉर्मरवर कधीकधी रेशो नसतोच, नुसतं 3 ओहम, 40 ओहम असं लिहिलेलं असतं. तो त्याचा इनपुट इम्पिडन्स समजू नका, कोणत्या कार्ट्रिजसाठी आहे एवढंच ते सांगतं. रेशो विचारून घ्या. डेसिबलमध्ये सांगितला तर 20 म्हणजे दहापट, 26 म्हणजे वीसपट. आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून वाइंडिंग मोजत बसू नका, त्यातला डीसी करंट कोअर मॅग्नेटाइज करू शकतो.

जोडणीचं थोडक्यात. ट्रान्सफॉर्मर ते फोनो स्टेज केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची. टोनआर्मची अर्थ वायर ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ स्क्रूला, तिथून एक वायर फोनो स्टेजच्या अर्थला. गुणगुण आली तर आधी ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरपासून आणि टर्नटेबलच्या मोटरपासून लांब न्या, मग व्हॉल्यूम जरा वर ठेवून ट्रान्सफॉर्मर हाताने हळूहळू फिरवत रहा, एका कोनात गुणगुण एकदम खाली येते, तिथेच ठेवून द्या. तरी गेली नाही तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरं भोक पुष्कळदा नावालाच असतं.