गारगोटी ते कोंदण: छंदाच्या दगडांतून दागिन्यांचा व्यवसाय

दगड जमवणाऱ्याच्या कपाटात जे सर्वांत देखणं, तेच दागिन्यात सर्वांत आधी दगा देतं. दख्खनच्या बेसाल्टमधलं स्टिल्बाइट, अपोफिलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हान्साइट यांचा कठीणपणा मोहस मापावर (खनिजांचा कठीणपणा सांगणारं 1 ते 10 चं माप) 3 ते 5. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 7. म्हणजे नुसतं पुसतानाही ओरखडे! हे नमुने न फोडता संग्राहकांना विका. दागिन्यासाठी त्याच खडकातले, वरून मळकट दिसणारे पण कठीण दगड, म्हणजे अकीक, कॅल्सेडनी आणि जॅस्पर घ्या. शेत किंवा खाण दुसऱ्याची असेल तर आधी विचारा, अभयारण्यातून काहीच उचलू नका.

चाकूने चरा उठला तर दगड बाद. मग तो भिजवून पुसा: पृष्ठभाग सुकल्यावरही ओली रेघ दिसली तर ती चीर समजा, घासताना तिथेच तुटेल.

सुरुवात 18×13 मिमीच्या लंबगोलाने करा, या मापाची तयार कोंदणं मिळतात. 6 मिमी जाडीची चकती कापून त्यावर पितळी तारेने आकार आखा; पेनची शाई पाण्याने जाते. घासताना धरता यावा म्हणून काडीवर लाखेने चिकटवण्यापूर्वी दगड कोमट करा, थंड दगडाला लाख धरत नाही. घासण्याच्या चाकांचा क्रम 80, 220, 600, 1200, 3000 (आकडा मोठा तितके कण बारीक) आणि शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइड, म्हणजे चकाकी आणणारी पूड. प्रत्येक टप्प्याला दगड कोरडा करून पाहा, कारण ओला दगड सगळे दोष लपवतो. चकाकीत चरे दिसले तर ते बहुधा 220 वर राहिलेले असतात. तिथपर्यंत मागे जावंच लागतं, सिरियम कितीही चोळा.

घासताना पाणी सतत सुरू हवं, तोंडावर एन-95 मास्क हवा. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला तो याच दगडाच्या कोरड्या धुळीने.

कोंदणासाठी शुद्ध चांदीची 0.3 मिमी जाड, 3 मिमी उंच पट्टी घ्या. 18×13 मिमीच्या दगडाभोवती ती सुमारे 50 मिमी लागते. तळाला 925 चांदीचा (92.5 टक्के चांदी) 0.8 मिमी पत्रा. टाकणखार लावून आधी पत्रा तापवा. ज्योत थेट पट्टीवर धरली तर सोल्डर (वितळून जोड देणारा धातू) वाहण्याआधी पट्टीच वितळते. दगड सोल्डरिंगनंतरच बसवा, उष्णतेने अकीक तडकतो. बसतो का हे पाहताना खाली दोरा आडवा ठेवा, नाहीतर अडकलेला दगड निघत नाही. पट्टी समोरासमोरच्या चार बिंदूंवर दाबा, मग मधली जागा. एका टोकापासून गोल दाबत गेलात तर शेवटी सुरकुती पडते.

अंगठ्या नंतर, आधी गळ्यातली पदकं विका, त्यांना धक्के कमी लागतात. किमतीत चांदी, झिजलेली चाकं आणि तासांची मजुरी धरा. ओढ्यात सापडला म्हणून दगड फुकट धरला तर पुढचा विकत घेताना पंचाईत होते. बाजारातलं पुष्कळसं अकीक रंगवलेलं असतं, म्हणून प्रत्येक पदकासोबत दगडाचं नाव, गाव आणि ‘रंग न दिलेला’ एवढी चिठ्ठी द्या.